अस्सल किती आणि उतारा किती?

पावसाळ्याच्या तोंडावर जालन्याच्या बाजारात बियाण्याची पिशवी हातात घेणारा शेतकरी दोन गोष्टी पारखून घेतो. बियाणे अस्सल आहे का आणि त्याचा उतारा किती? पहिल्याचे उत्तर पिशवीच्या टॅगवर असते, निदान असायला हवे. दुसऱ्याचे उत्तर दिवाळीच्या आसपास शेतातच मिळते. टॅग खरा असूनही उतारा पडला नाही तर शेतकरी कपाळाला हात लावतो; उतारा भरघोस आला तर टॅग पुन्हा कोणी बघत नाही. बियाण्यांचे गाव म्हणून देशभर नाव झालेल्या जालन्याला हे निराळे सांगायला नको.

गंमत अशी, की हजारो मैलांवर अमेरिकेत जुन्या मोटारींच्या नादी लागलेली हौशी मंडळीही हेच दोन प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे भांडत आली आहेत. गाडी अस्सल आहे का, म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचेच इंजिन, तीच चॅसी, तीच बॉडी तिच्यावर आहे का? आणि तिच्या वेगाचे जे आकडे सांगितले जातात ते खरे का? अशाच एका अमेरिकन मोटारीचे मालक होते इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर. त्यांच्या गाडीबद्दल विचारले गेलेले हे दोन प्रश्न त्यांच्या स्वतःबद्दलही जन्मभर विचारले गेले. गाडीची उत्तरे सापडतात, कारण लोखंडावर नंबर कोरलेला असतो. माणसाचे तसे नसते, म्हणून त्यांची हकिगत जरा सावकाश सांगायला हवी.

अंबडचे जुने नाते

इंदूरच्या महाराजांशी जालना जिल्ह्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. अंबडच्या मत्स्योदरी देवीला जाणाऱ्या भाविकाला तो सांगावा लागत नाही. तिथल्या मंदिराशी आणि अंबडच्या बारवेशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. अंबड परगणा त्या काळी होळकरांकडे होता. पुढे इंग्रजांशी लढाई हरल्यावर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा सगळा मुलूख होळकरांना सोडावा लागला. त्या तहात खानदेशाबरोबर अंबड आणि वेरूळ यांची नावे वेगळी लिहिलेली आहेत. म्हणजे आपल्या या भागातून होळकरांची सत्ता गेली ती एका कलमाने. बारव मात्र राहिली.

त्याआधी १८०३ साली याच जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजा इंग्रजांशी भिडल्या. त्या वेळचे यशवंतराव होळकर त्या लढाईपासून दूर राहिले आणि नंतर एकटेच इंग्रजांशी झुंजले. आपल्या हकिगतीतले यशवंतराव हे त्याच नावाचे दुसरे. त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. पहिल्या यशवंतरावांची हयात घोड्यावर गेली, या दुसऱ्यांची मोटारी, आगगाड्या आणि आगबोटींत.

सतरा वर्षांचा राजा

वडील तुकोजीराव होळकर (तिसरे) हे हौशी आणि आधुनिक वळणाचे राजे होते. क्रिकेटपटू सी. के. नायडू यांना त्यांनीच १९२३ साली इंदुरास आणले. शहराची नव्याने आखणी करण्यासाठी पॅट्रिक गेडिस यांच्यासारख्या जाणकाराला बोलावले तेही त्यांनीच. पण जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर भर रस्त्यात अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज नावाच्या नर्तिकेला पळवून नेण्याच्या प्रयत्नात तो घडला होता. धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले आणि इंग्रज सरकारने महाराजांपुढे चौकशी किंवा गादीत्याग असा पेच टाकला. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी तुकोजीरावांनी गादी सोडली.

यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. वडिलांच्या बदनामीचे ओझे घेऊनच त्यांच्या डोक्यावर पागोटे चढले. कारभार काही वर्षे मंत्रिमंडळाकडे राहिला आणि राजा शिकायला विलायतेत. चीम, चार्टरहाउस आणि पुढे ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज अशी त्यांची शाळा-कॉलेजे. पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० साली.

त्याआधीच, १९२४ मध्ये, त्यांचे लग्न झाले होते. वधू कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या; सासरचे नाव संयोगिताराजे. आज हे लग्न दोन संस्थानिक घराण्यांची सोयरीक एवढेच वाटेल. पण होळकर धनगर आणि घाटगे मराठा. या दोन समाजांत रोटीबेटी व्यवहार व्हावा असा राजर्षी शाहू महाराजांचा आग्रह होता. शाहू महाराज १९२२ साली गेले, तरी हा विवाह त्यांनी आखलेल्या वाटेवरचाच होता. अस्सल कोण आणि कोणाची सोयरीक कोणाशी जमते, या प्रश्नाला घरच्या घरी दिलेले ते एक धाडसी उत्तर होते.

चार वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. गादी सोडलेल्या तुकोजीरावांनी १९२८ साली नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. लग्नाआधी तिला हिंदू धर्माची दीक्षा देण्यात आली आणि तिचे नाव शर्मिष्ठादेवी ठेवले गेले. त्यावरून वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. यशवंतराव तेव्हा विद्यार्थी होते. आपल्या घरात काय खरे आणि काय उसने, याचा जाहीर वाद त्यांनी विशीतच ऐकला.

माणिकबाग

ऑक्सफर्डमध्ये मार्सेल हार्डी नावाच्या शिक्षकाने त्यांना नव्या युरोपीय कलेची गोडी लावली. तिथेच एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. दोघे जवळपास एकाच वयाचे. राजाने त्याला सांगितले, की इंदुरास माझ्यासाठी घर बांध. १९३० ते १९३३ या काळात उभा राहिलेला हाच तो माणिकबाग राजवाडा.

राजवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरे, नक्षीदार खांब आणि वाघाची कातडी येतात. माणिकबागेत त्यातले काही नव्हते. सरळ रेषा, मोकळ्या खोल्या, धातूच्या आणि काचेच्या वस्तू, आतच दिवे बसवलेल्या लाल चामड्याच्या खुर्च्या, उन्हाळ्यासाठी हवा थंड करण्याची यंत्रे. पॅरिसच्या रुलमान यांनी केलेले टेबल, ल कॉर्बुझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांची आरामखुर्ची, आयलीन ग्रे यांची बैठक. यातली प्रत्येक वस्तू आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांना हवीहवीशी वाटते. त्या काळी मात्र इंदूरच्या जुन्या सरदारांना हे घर इस्पितळासारखे वाटले असेल तर नवल नाही.

पॅरिसच्या बर्नार बुते द मोन्व्हेल या चित्रकाराने या राजाची दोन मोठी तैलचित्रे काढली. पहिल्यात, १९२९ च्या चित्रात, काळा पाश्चात्त्य पोशाख आणि काळा झगा घातलेला एक सडपातळ तरुण आहे. दुसरे चित्र साधारण पाच वर्षांनंतरचे. तोच तरुण पांढऱ्याशुभ्र मराठी पोशाखात, डोक्यावर पागोटे, गळ्यात इंदूरचे प्रसिद्ध नाशपातीच्या आकाराचे हिरे घालून बसला आहे. दोन्ही चित्रांत चेहरा एकच आहे, शांत आणि थोडा दूरचा. यातले अस्सल यशवंतराव कोणते, यावर पाहणाऱ्यांचे कधी एकमत झाले नाही. त्यांना स्वतःला निवड करावीशी वाटली नसावी.

ड्यूसेनबर्ग नावाचा वारू

१९३५-३६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसहून ड्यूसेनबर्ग कारखान्याची एक एसजे चॅसी मागवली. बेंटलीसारख्या युरोपातल्या गाड्या त्यांच्याकडे होत्याच, पण ही गोष्ट निराळी होती.

फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्यूसेनबर्ग बंधू मूळचे जर्मनीचे. लहानपणीच अमेरिकेत गेलेले. शर्यतीच्या गाड्या बांधण्यात त्यांचा हातखंडा होता, धंद्याच्या हिशेबात नव्हता. १९२६ साली एरेट लोबान कॉर्ड या उद्योजकाने त्यांची कंपनी घेतली आणि अमेरिकेतली सर्वोत्तम मोटार बांधा, असे फ्रेडला सांगितले. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मॉडेल जे लोकांपुढे आले. एका ओळीत आठ सिलिंडर, जवळपास सात लिटरचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे २६५ अश्वशक्ती. त्या वेळच्या इतर अमेरिकन गाड्यांच्या तुलनेत हा आकडा दुपटीहून अधिक होता. फक्त चॅसीची किंमत साडेआठ हजार डॉलर. फोर्डची साधी गाडी तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास मिळे.

१९३२ साली याच इंजिनाला सुपरचार्जर जोडून एसजे ही आवृत्ती निघाली. सुपरचार्जर म्हणजे काय, हे लोहाराच्या भात्यावरून कळते. भाता जोरात चालवला की भट्टी पेटते, कारण कोळशाला जास्त हवा मिळते. इंजिनातही तसेच आहे. एक वेगाने फिरणारा पंखा हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबून सिलिंडरमध्ये भरतो, स्फोट जोराचा होतो आणि ताकद वाढते. एसजेची ताकद कंपनीने ३२० अश्वशक्ती सांगितली. जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या चकचकीत नळ्या बॉनेटच्या बाजूने बाहेर काढलेल्या असत आणि त्यावरून ही गाडी लांबूनच ओळखू येई. दुर्दैवाने त्याच वर्षी जुलैत एसजे चालवत असताना पेनसिल्व्हेनियातल्या घाटात फ्रेड ड्यूसेनबर्गला अपघात झाला आणि काही दिवसांनी तो मरण पावला.

यशवंतरावांची चॅसी नेहमीपेक्षा लांब होती. ती अमेरिकेहून लंडनला गेली आणि तिथल्या गर्नी नटिंग या प्रसिद्ध बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने तिच्यावर उघडी, मोजक्या माणसांना बसता येईल अशी बॉडी चढवली. लांबच लांब बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी. एवढ्या मोठ्या गाडीत बसायला जागा मात्र थोडी. कामाच्या दृष्टीने तिला काही अर्थ नव्हता. माळव्यातल्या तेव्हाच्या रस्त्यांवर ताशी दोनशे किलोमीटरचा वेग कुठे आणि कसा गाठायचा? पण अमेरिकेचे इंजिन, इंग्लंडची कारागिरी आणि मराठा मालक अशी ती गाडी माणिकबागेच्या दारात शोभली असणार, कारण तो राजवाडाही तसाच अनेक देशांच्या हातांनी घडला होता.

नंबर जुळतात का?

मॉडेल जे आणि एसजे मिळून पाचशेच्या आतच गाड्या निघाल्या आणि १९३७ मध्ये कारखाना बंद पडला. मूळ सुपरचार्जर बसवून निघालेल्या एसजे साधारण छत्तीस होत्या, असे जाणकार सांगतात. वादाची सुरुवात इथूनच होते, कारण आज सुपरचार्जर असलेल्या ड्यूसेनबर्ग त्याहून पुष्कळ अधिक दिसतात. काही मालकांनी कारखाना चालू असतानाच आपल्या साध्या जे गाडीला सुपरचार्जर लावून घेतला. काहींना ताकद नको होती, फक्त थाट हवा होता. त्यांनी नुसत्या चकचकीत नळ्या बसवल्या. नंतरच्या काळात तर नव्याने घडवलेले सुपरचार्जरही आले.

दुसरा घोळ बॉडीचा. ड्यूसेनबर्गचा कारखाना पूर्ण गाडी विकत नसे. चॅसी विके आणि बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसरीकडे बांधली जाई. पाच-सहा वर्षांनी फॅशन बदलली की एका चॅसीवरची बॉडी उतरवून दुसरीवर चढवायची, हे नेहमीचेच. मग मूळ गाडी कोणती म्हणायची? चॅसी असलेली, इंजिन असलेली, की लोकांना आठवते ती बॉडी असलेली? ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या तिन्ही गाड्यांच्या चाहत्यांचा क्लब १९५२ साली स्थापन झाला. तो चॅसी, इंजिन आणि बॉडी यांचे नंबर जुन्या नोंदींशी ताडून गाड्यांना प्रमाणपत्र देतो. बियाण्याच्या पिशवीवरच्या टॅगसारखेच ते.

ताकदीच्या आकड्यांवरही वाद आहेच. २६५ आणि ३२० हे आकडे जाहिरातीसाठी फुगवले होते का, यावर आजही दोन तट आहेत. एका परीक्षेचा निकाल मात्र नोंदलेला आहे. १९३५ साली अब जेन्किन्स या चालकाने एसजेवर आधारलेली खास ड्यूसेनबर्ग युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर सलग चोवीस तास पळवली. सरासरी पडली ताशी सुमारे २१८ किलोमीटर. शंकेखोर लगेच म्हणतात, की ते इंजिन खास सुधारलेले होते, गिऱ्हाइकाला मिळणारे नव्हे. तेही खरेच.

हाच खेळ पुढच्या पिढीत आणखी रंगला. १९६४ साली, ज्या वर्षी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन झाली त्याच वर्षी, अमेरिकेत पॉन्टियाक जीटीओ बाजारात आली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठे इंजिन बसवून तरुणांना परवडेल अशा किमतीत वेग विकायचा, ही तिची युक्ती. अशा गाड्यांना मसल कार, म्हणजे दणकट स्नायूंच्या गाड्या, असे नाव पडले. त्या वर्षी एका नामांकित मासिकाने जीटीओ शून्यापासून ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत घेते, असे छापून खळबळ उडवली. पुढे कित्येक वर्षांनी कंपनीच्या प्रचाराचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनी सांगून टाकले, की त्या परीक्षेतल्या गाडीत ३८९ घन इंचाऐवजी ४२१ घन इंचाचे इंजिन गुपचूप बसवलेले होते. म्हणजे टॅग एका वाणाचा आणि पिशवीत बी दुसऱ्याच.

या गाड्यांची नक्कलही सोपी असते. जीटीओ सुरुवातीला वेगळे मॉडेल नव्हतेच. साध्या लेमान्स गाडीवर जादा पैसे देऊन घेण्याचा तो एक संच होता. म्हणून साधी लेमान्स घेऊन तिची जीटीओ करणे कुशल मिस्त्रीला अवघड नाही. आणि अस्सलपणाची किंमत प्रचंड. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडा या उघड्या टपाच्या, अत्यंत मोजक्या निघालेल्या मोटारींपैकी एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तीच गाडी साध्या इंजिनाची असती तर एवढ्या पैशाच्या जवळपासही पोहोचली नसती. इंजिनावरच्या चार अंकांसाठी माणसे भिंग घेऊन का बसतात, ते यावरून कळेल.

इंदूरच्या एसजेला हा सगळा काच फारसा सोसावा लागला नाही. चॅसी कुठली, बॉडी कोणी बांधली, मालक कोण, हे पहिल्यापासून ठाऊक असल्याने तिचा अस्सलपणा ठरवणे सोपे झाले. कालांतराने ती अमेरिकेत परतली आणि आज जगातल्या सर्वात देखण्या ड्यूसेनबर्गपैकी एक म्हणून तिचे नाव घेतले जाते. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. तिचे सांगताना अमेरिकन जाणकार इंदूरच्या महाराजांची गाडी असेच म्हणतात. म्हणजे चॅसी अमेरिकेची, बॉडी लंडनची, आणि नाव इंदूरचे.

मंदिर उभे राहिलेच नाही

गाडी आली त्याच सुमारास यशवंतरावांच्या डोक्यात एक मोठे स्वप्न होते. रुमानियात जन्मलेले, पॅरिसला राहणारे शिल्पकार ब्रांकुसी यांची पक्ष्याची तीन शिल्पे त्यांनी घेतली होती. एक ब्राँझचे, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचे. पंख नाहीत, चोच नाही, नुसती वर झेपावणारी रेषा. याच मालिकेतले एक शिल्प १९२६ साली अमेरिकेत गेले तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी हे शिल्प नसून धातूची वस्तू आहे, असे ठरवून त्यावर कर लावला होता. खटला होऊन १९२८ साली ते कलाकृतीच असल्याचा निकाल लागला. अस्सल कलेची परीक्षा कचेरीत कशी होते, याचा तो नमुना.

ही तीन शिल्पे ठेवण्यासाठी इंदुरास एक ध्यानमंदिर बांधायचे, असे महाराज आणि ब्रांकुसी यांच्यात ठरत होते. पण १९३७ साली संयोगिताराजे युरोपात वारल्या. वय अवघे तेवीसच्या आसपास. मागे लहानगी लेक उषाराजे. पॅरिसमध्ये मॅन रे यांनी काढलेल्या छायाचित्रांत हे जोडपे एकमेकांना बिलगून हसताना दिसते. संस्थानिकांच्या फोटोंत असे हसू क्वचितच आढळते. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीस ब्रांकुसी ठरल्याप्रमाणे इंदुरास येऊन थांबले, पण महाराजांचे मन मंदिरात राहिले नव्हते. मंदिर झाले नाही. ती शिल्पे पुढे जगात पांगली. संगमरवरी दोन आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत आणि ब्राँझचे अमेरिकेत कॅलिफोर्नियात.

यशवंतरावांनी नंतर दोनदा लग्न केले, १९३८ आणि १९४३ साली. दोन्ही पत्नी अमेरिकन. राजा बहुतेक वेळ परदेशात असतो, खजिन्यातला पैसा तिकडे जातो, ही टीका वाढत गेली. ती निराधार नव्हती. ड्यूसेनबर्गचे पैसे हे शेवटी माळव्याच्या शेतकऱ्यांनी भरलेल्या साऱ्याचेच होते, हे आज गाडीच्या रूपाचे कौतुक करताना विसरून चालणार नाही.

उताऱ्याचा हिशेब

मग या राजाचा उतारा किती? इथे पारडे दुसऱ्या बाजूलाही झुकते. इंदूर शहराला पाणी पुरवणारे गंभीर नदीवरचे यशवंतसागर धरण त्यांच्या काळात, १९३९ साली, झाले. संस्थानातली मंदिरे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली करण्याचा निर्णय त्यांच्या राज्यात झाला. अहिल्याबाईंच्या घराण्याला तो शोभणारा होता.

आणि क्रिकेट. होळकरांचा संघ ही भारतीय क्रिकेटमधली एक कहाणीच आहे. सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांच्यासारखे खेळाडू. मुंबईच्या बलाढ्य संघाला त्या काळात खरी धास्ती होती ती यांचीच. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. युद्धाच्या निमित्ताने तो भारतात होता. त्याने नाबाद २४९ धावा केल्या, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, तरी मुंबई जिंकली. पण पुढच्याच वर्षी होळकरांनी रणजी करंडक नेला आणि १९५२-५३ पर्यंत एकूण चार वेळा जिंकला. इंजिनाचा खरा जोर मैदानावर दिसतो म्हणतात, तसा या संस्थानाचा जोर इथे दिसला.

राजकारणात मात्र त्यांचा अंदाज चुकला. १९४७ साली विलीनीकरणाच्या वेळी भोपाळच्या नबाबांच्या संगतीने ते बराच काळ रेंगाळले. अखेर सही झाली. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य स्थापन झाले तेव्हा ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. शतकभराहून जुनी शिंदे-होळकरांची चढाओढ अशी कागदावर मिटली. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर ते पदही संपले.

शेवटी प्रश्न वारसाचा आला आणि अस्सलपणाचा तोच जुना वाद पुन्हा दारात उभा राहिला. तिसऱ्या पत्नीपासून त्यांना मुलगा होता, पण आई परदेशी असल्याने त्याचा गादीवरचा हक्क मानला गेला नाही. वारस म्हणून मान्यता मिळाली ती कागलच्या संयोगिताराजेंच्या पोटी जन्मलेल्या उषाराजेंना. मुलगी गादीची वारस होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. अहिल्याबाईंचे नाव सांगणाऱ्या घराण्याला त्याचे वावडे असण्याचे कारणही नव्हते. ज्या मुलाचा टॅग सरकारला पसंत पडला नाही, त्यानेच पुढे १९७९ च्या सुमारास आपल्या पत्नीसह महेश्वरला विणकरांची संस्था उभी करून मोडकळीस आलेल्या महेश्वरी साड्यांच्या हातमागाला बळ दिले. ज्या गावात अहिल्याबाईंनी विणकर वसवले, त्याच गावात.

यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. वय त्रेपन्न. माणिकबागेतले सामान १९८० साली मोनॅकोत लिलावाला निघाले आणि त्या वाड्यात पुढे केंद्र सरकारच्या उत्पादन शुल्क खात्याची कचेरी आली. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात त्यांच्या संग्रहाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा युरोपातल्या लोकांना या मराठी राजाच्या नजरेचे नव्याने आश्चर्य वाटले.

इंदुरात मात्र त्यांचे नाव रोज घेतले जाते ते गाडीमुळे किंवा शिल्पांमुळे नव्हे. महाराजा यशवंतराव रुग्णालय हे तिथले मोठे सरकारी इस्पितळ. सगळे त्याला एमवाय म्हणतात. माळव्याच्या खेड्यापाड्यांतून तिथे येणाऱ्या रुग्णाला ड्यूसेनबर्ग ठाऊक नसते, बुते द मोन्व्हेलची चित्रे ठाऊक नसतात. अंबडच्या बारवेवर येणारा माणूसही अहिल्याबाईंच्या दप्तरातली नोंद बघत बसत नाही. त्याला पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचे असते.